चादरीचं दुसरं टोक

मला मावश्या दोन. आईपेक्षा मोठी ती मोठी मावशी, आईच्या पाठची ती धाकटी. आई मधली, ती लग्न करून लांब गेली आणि या दोघींच्या तावडीतून सुटली. मी त्यांच्या गावात नोकरीसाठी आले. नोकरी वर्षभरात सुटली आणि मावश्यांच्या लाँड्रीचं काउंटर जे चिकटलं ते अजून सुटलेलं नाही. माझी तक्रार नाही. एका जागी बसून सगळ्यांचं सगळं दिसतं आणि मला दुसऱ्यांचं बघायला आवडतं.

लाँड्री तशी मोठीची. पुढच्या खोलीत काउंटर, काचेचं दार आणि गिऱ्हाइकांचे धुतलेले, न धुतलेले कोट टांगायचे दोन लांब दांडे. मागच्या खोलीत धुलाईची मशिनं, एक वाळवायचं मशीन, भिंतीला लागून लांब टेबल आणि त्यावर इस्त्री. तिथल्या खिडकीची काच कायम घामेजलेली. कोट-शर्ट येतात, पण आमचं पोट भरतं ते चादरींवर. वळणावरच्या गेस्ट हाउसच्या आणि बाळंतिणींच्या दवाखान्याच्या चादरी रोज येतात आणि रोज जातात.

चादरीची घडी एकटीने घालायची नसते, असं आमच्याकडे मानलं जातं. मोठी टेबलापाशी उभी राहते, धाकटी मशिनापाशी. दोघींनी दोन-दोन टोकं धरायची, ताणायची, एक झटका द्यायचा, मग एकमेकींकडे चालत येऊन टोकं हातात द्यायची आणि पुन्हा मागे जायचं. त्या दोघींत एकदा पडद्याच्या रंगावरून अबोला झाला होता. आठवडाभर एकमेकींशी चकार शब्द नाही, पण एकाही चादरीची घडी चुकली नाही.

या कामाबद्दल धाकटीची एक गोष्ट आहे आणि ती नव्या गिऱ्हाइकाला ऐकवल्याशिवाय तिला चैन पडत नाही. मी शाळेत असताना तिचे यजमान अचानक गेले. मूलबाळ नव्हतं. तेव्हा एके दिवशी मोठी हाताला पट्टी बांधून तिच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, माझा हात दुखावलाय, चादरीचं दुसरं टोक धरायला कोणी नाही, चार दिवस ये. "त्या चार दिवसांची ही एवढी वर्षं झाली," असं म्हणून धाकटी हसते. "हिला माझ्याशिवाय जमतच नाही हो." मोठी आतून ऐकत असते.

या वर्षी साबणाच्या कंपनीने जे कॅलेंडर दिलं, त्याने सगळा घोळ केला. एका पानावर समुद्रकाठचं एक शहर होतं. मागे काळे डोंगर, डोंगरांच्या फटीतून खाली उतरलेली हिमनदी, पुढे धक्का, धक्क्यावर लाल-पिवळी घरं. ती हिमनदी निळी होती. मोठीने चष्मा लावून बघितलं आणि निकाल दिला, "नीळ जास्त पडलीय." महिना संपला तरी धाकटीने पान उलटू दिलं नाही. पुढचाही महिना संपला. मोठी कुरकुरायची, अगं, मला आजची तारीख कळत नाही. धाकटी म्हणायची, तारीख मला विचार, मी सांगते.

मग एक दिवस दुपारी काउंटरवर येऊन, कोपराने माझ्या पावत्या बाजूला सारत, तिने मला विचारलं, "तिथे जाता येतं का गं?"

"कुठे?"

"तू बघ ना त्या फोनवर. मी सहज विचारतेय."

सहज विचारणाऱ्याचे कान लाल होत नाहीत. मी बघितलं. त्या शहराला रस्ताच नव्हता. मागे बर्फ, पुढे पाणी. जायचं तर बोटीने नाहीतर विमानाने. उन्हाळ्यात आमच्या बंदरातून बोटी असतात. तिथल्या धक्क्यापासून एक बस हिमनदीपर्यंत जाते, तिथे लाकडी पायवाट आहे, पुढे तळं आहे आणि तळ्यात बर्फाचे तुकडे तरंगत असतात. मी हे वाचून दाखवत होते आणि ती दोन्ही हातांनी काउंटर धरून ऐकत होती. वाफेच्या खोलीत आयुष्य काढलेल्या बाईला थंडीचं काय एवढं, असं मी म्हणणार होते, पण उत्तर प्रश्नातच होतं.

"मोठीलाही घेऊन जा," मी म्हटलं.

"तिचे गुडघे? आणि दुकान? आणि मी तिला परवा आडून विचारलं, बोटीत बसशील का. म्हणाली, मला आंघोळीचं पाणी पुरे." ती माझ्या पावत्या सारख्या करायला लागली. "आणि खरं सांगू? मला एकटीला जायचंय. बघ, किती वाईट आहे मी."

हे ती इतकं मनापासून बोलली की मला रागच आला. चार दिवस बर्फ बघायला जायचं म्हणजे कोणाच्या घराला आग लावायची नव्हती. पण धाकटीची खात्री होती की ती गेली तर मोठी मागच्या खोलीत चादर हातात धरून नुसती उभी राहील, दुसऱ्या टोकाला कोणी नाही. तिला हे चित्र दिसायचं. जेवताना दिसायचं, इस्त्री करताना दिसायचं. तरी जायचंही होतं. म्हणून तिने ठरवलं, आधी सगळी तयारी करायची आणि अगदी शेवटी सांगायचं. मला त्यात ओढलं. लपवाछपवी मला जमते, पण ती दुसऱ्याच्या सोयीने करावी लागली की माझं डोकं फिरतं.

तिकिटाच्या ऑफिसात जाण्यासाठी तिने दाताच्या डॉक्टरचं निमित्त काढलं. तिथला तिकीटवाला सज्जन माणूस, पण बोलण्यात भीडभाड नाही. तो म्हणाला, "बाई, तिथे जाणं आपल्या हातात आहे, परत येणं हवेच्या हातात. धुकं पडलं की विमान उडत नाही, वारा सुटला की बोट सुटत नाही." झालं. धाकटीचा जीव कासावीस झाला. चार दिवसांचे सहा झाले तर? ती पुन्हा गेली, पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा त्याने तिला आत येताना पाहिलं आणि मान हलवत आधीच सांगितलं, "नाही बाई, अजून हवा माझ्या हातात आलेली नाही."

इकडे मोठीने बहिणीचा दात फारच मनावर घेतला. रोज वेगळं सूप. भाज्या अगदी लगदा होईपर्यंत शिजवायच्या. पाव दुधात भिजवून द्यायचा. धाकटीचे बत्तीसच्या बत्तीस दात धडधाकट, आणि ती बिचारी एका बाजूने चावत, गाल धरत, डोळे खाली घालून ते सूप प्यायची. रात्री उशीला उशी लावून देताना मोठी विचारायची, फार ठणकतंय का गं. "माझ्या घशाखाली उतरत नाही ते सूप," धाकटी मला म्हणाली. "तिने एकदा तरी रागवावं ना माझ्यावर." मग भरपाई म्हणून तिने मोठीचे पाय चेपायला सुरुवात केली. तिच्यासाठी नवीन चपला आणल्या. तिच्या वाटणीची इस्त्री परस्पर करून टाकायला लागली. मोठी एकदा म्हणाली, "दाताचं दुखणं डोक्यात गेलं का तुझ्या?"

त्यात मला घडी शिकवायचं खूळ निघालं. मला व्यायाम हवा आहे, असं मोठीला सांगण्यात आलं. माझा आणि व्यायामाचा संबंध सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. मोठी टेबलापाशी बसून बघत होती. मी चादर ताणली की एक टोक निसटायचं, झटका दिला की माझ्याच तोंडावर यायची. "अगं, चादर आहे, साप नाही," धाकटी ओरडायची. मोठीच्या ओठांच्या कडा हलत होत्या, पण का शिकवते आहेस, असं तिने विचारलं नाही. तेव्हाच मला काहीतरी कळायला हवं होतं.

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगते. कपडा मशिनात टाकण्याआधी त्याचे सगळे खिसे उलटे करून बघायचे. हे काम फक्त मोठीचं. जे सापडेल ते माझ्या काउंटरवरच्या पत्र्याच्या डबीत ठेवायचं आणि गिऱ्हाईक आलं की हातात देऊन एवढंच म्हणायचं, "खिशात सापडलं." ते काय आहे, कोणाचं आहे, तिथे कसं आलं, हे विचारायचं नाही आणि चेहऱ्यावरही दाखवायचं नाही. या डबीतून किल्ल्या गेल्या आहेत, परक्या बायकांच्या केसांच्या पिना गेल्या आहेत, एकदा तर दातांची कवळी गेली आहे. मोठीने कधी भुवई उचलली नाही.

हे सगळं माहीत असलेल्या धाकटीने काय करावं? घरी ट्रंकेतून आपला हिवाळी कोट काढला, त्याच्या खिशात बोटीत मळमळू नये म्हणून घ्यायच्या गोळ्या ठेवल्या आणि घरी दिसायला नको म्हणून तो दुकानात आणून गिऱ्हाइकांच्या कोटांमध्ये टांगला. इतक्या कोटांत एक कोट कोणाला कळणार, असा हिशेब. लाँड्रीत लपवलेला कपडा धुतला जातो, हे लाँड्रीतच जन्म काढलेल्या बाईला सुचू नये, याला काय म्हणावं?

निघायला थोडेच दिवस राहिले होते. सकाळी मी दुकान उघडून डबी पुसायला घेतली, तर आत गोळ्यांचं पाकीट. मागे वळून दांड्याकडे पाहिलं. धाकटीचा कोट धुवून, इस्त्री करून, प्लास्टिक घालून टांगलेला. गळ्याजवळचं बटण कित्येक हिवाळे तुटलेलं होतं. ते लावलेलं होतं, दुहेरी दोऱ्याने.

धाकटी आली. मी डबी पुढे केली आणि कोटाकडे बोट दाखवलं. ती कोटापाशी गेली, प्लास्टिक वर केलं, ते बटण बोटांनी धरलं आणि तशीच उभी राहिली. मला वाटलं होतं रडेल. ती रडली नाही. तिचा चेहरा असा पडला की रडली असती तर बरं झालं असतं.

"मी जात नाही," ती म्हणाली. "तिकीटवाल्याला सांगून ये."

"मी नाही सांगणार. एवढे दिवस मला खोटं बोलायला लावलंस, ते फुकट घालवू?"

"तिने बटण लावलं गं. मी तिच्या पाठीमागे हे सगळं करतेय आणि ती बसून माझं बटण लावतेय."

एवढं बोलून ती आत गेली. मी दार ओढून घेतलं आणि तिच्या मागोमाग गेले. गिऱ्हाईक आलं असतं तर थांबलं असतं.

मोठी खिसे तपासत होती. धाकटी तिच्यासमोर उभी राहिली.

"ताई, तो कोट तू धुतलास?"

"कोणाचा तरी होता. चिठ्ठी नव्हती."

"माझा होता."

"माहीत आहे. मीच घेऊन दिला होता."

"ताई, माझा दात दुखत नव्हता."

"तेही माहीत आहे," मोठी पँटचा खिसा उलटा करत म्हणाली. "दुखरा दात एका बाजूला असतो. तू रोज बाजू बदलायचीस."

"मग सूप कशाला करत होतीस?"

"तू एवढ्या कष्टाने खोटं बोलत होतीस. म्हटलं, थोडी साथ द्यावी."

मला हसू येत होतं, पण धाकटीच्या पाठीकडे पाहून ते आतच राहिलं. ती म्हणाली, "मी जात नाही. तुला टाकून मी बर्फ बघत बसू? मी नसले तर तुला जमणार आहे का? एक चादर तरी?"

मोठीने हातातली पँट खाली ठेवली. टेबलाच्या बाजूला भिंतीत एक जाड लाकडी खुंटी आहे, तिच्यावर धाकटीचा ॲप्रन असतो. ती खुंटी ॲप्रनचीच, असं आम्ही सगळे समजत होतो. मोठीने ॲप्रन काढून धाकटीच्या हातात दिला. गठ्ठ्यातून एक चादर उचलली, तिची दोन टोकं खुंटीला अडकवली, उरलेली दोन धरून मागे मागे गेली, ताणली, झटका दिला. मग पुढे चालत आली, हात वर करून खुंटीवरची टोकं काढली, पुन्हा अडकवली, पुन्हा मागे गेली. घडी झाली. कडा कडेला लागलेली. तिने ती टेबलावर ठेवली आणि तळहाताने दाबली.

धाकटी ॲप्रन छातीशी धरून बघत होती.

"हे तू कधी शिकलीस?"

"तू यायच्या आधी मी दुसरं काय करत होते? खुंटी ॲप्रनसाठी लावली नव्हती."

"पण तेव्हा तुझा हात..."

"पट्टी बांधली होती. हाताला काही झालं नव्हतं."

"मग मला कशाला बोलावलंस?"

मोठीने आमच्या दोघींकडे न बघता पँट परत हातात घेतली. "तू उठत नव्हतीस," ती म्हणाली. "दुपारी चार वाजता आलं तरी अंथरुणात. कोणाचं ऐकत नव्हतीस. तुझं काही होऊ नये म्हणून ये, असं सांगितलं असतं तर आली असतीस का? मला जमत नाही म्हटल्यावर आलीस."

धाकटी मळक्या चादरींच्या गठ्ठ्यावर बसली. एवढी वर्षं जी गोष्ट तिने गिऱ्हाइकांना ऐकवली, ती तिच्या हातातच उलटी झाली होती. मला तिच्याकडे बघवेना. मग ती म्हणाली, "आणि मी सगळ्यांना सांगत सुटले, हिला माझ्याशिवाय जमत नाही."

"सांगितलंस तर काय झालं? टोक चांगलं धरलंस. आता चार दिवस जाऊन ये आणि परत येऊन धर."

निघायच्या दिवशी आमचा गाडीवाला गेस्ट हाउसच्या चादरी द्यायला जाणार होता, त्यानेच तिला इथल्या धक्क्यावर सोडायचं ठरलं. "बर्फ बघायला एवढ्या लांब?" तो म्हणाला. "आमच्या घरी फ्रिज आहे की." धाकटी उन्हाळ्यात हिवाळी कोट घालून, घामाने निथळत उभी होती. मोठीने माझ्या डबीतून गोळ्या काढल्या आणि अगदी गिऱ्हाइकाला देतात तशा तिच्या हातात दिल्या.

"खिशात सापडलं," ती म्हणाली.

धाकटीने तिला मिठी मारली. असलं काही आमच्या घरात होत नाही, त्यामुळे मोठीला हात कुठे ठेवायचे ते कळेना. शेवटी तिने ते कोटाच्या बटणावर ठेवले आणि बटण नीट लागलंय का ते बघितलं.

गाडी वळणावर दिसेनाशी झाली आणि आम्ही आत आलो. दवाखान्याचा मोठा गठ्ठा वाट बघत होता. मोठीने पहिली चादर उचलली, टोकं अडकवायला उजवा हात वर केला, आणि तो खांद्याच्या वर जाईना. तिने डाव्या हाताने त्याला आधार देऊन बघितलं. मग चादर टेबलावर टाकली आणि स्टुलावर बसली. तिच्या कपाळावर घाम आला होता.

"मावशी, त्या दिवशी तर घातलीस ना घडी."

"एक घातली," ती म्हणाली. "एक जमते. त्यानंतर दोन रात्री कुशीवर झोपता आलं नाही. हा खांदा गेला तो आता गेला." ती खांदा चोळत राहिली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "ऊठ. दुसरं टोक धर. आणि तिला सांगायचं नाही."

म्हणजे पुन्हा लपवायचं होतंच, फक्त मालकीण बदलली. मी टोक धरलं. पहिल्या दिवशी मी तिला इतकं दमवलं की दवाखान्याचा गठ्ठा संध्याकाळी उशिरा गेला. ती रागावली नाही. दर चादरीला एकच शब्द, "ताण." मला सारखं वाटत होतं की मी धाकटीच्या जागी उभी आहे आणि ही जागा भरून काढायला मी अजिबात पुरी पडत नाही. व्यायामाच्या नावाखाली शिकवलं तेव्हा खिदळण्याऐवजी लक्ष दिलं असतं तर, असंही वाटलं. आणि गोळ्यांचं पाकीट पाहिल्यावर धाकटीला जायला सगळ्यांत जास्त मीच भरीला घातलं होतं, हेही विसरता येत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी धाकटीचा फोन आला. आम्ही चादर ताणून उभ्या होतो. मोठीने मला डोळ्याने खुणावलं, मी एका हाताने टोक धरून दुसऱ्या हाताने फोन टेबलावर ठेवला आणि आवाज मोठा केला.

"ताई, मी इथे उभी आहे. अगदी समोर. केवढी आहे गं ही." वाऱ्यात तिचा आवाज तुटत होता. "आणि नीळ जास्त नाही पडलेली. बरोबर पडलीय. तुझ्या हातची पडते तशी."

"थंडी वाजते का?"

"खूप. फार बरं वाटतंय मला, ताई. इतकं बरं वाटतंय की वाईट वाटतंय." मागे कुठेतरी पाण्यात काहीतरी मोठं पडल्याचा आवाज आला. "उद्या वारा आणखी वाढेल म्हणतात. बोट एक-दोन दिवस सुटणार नाही बहुतेक. तुझं कसं चाललंय? घड्या?"

मोठीने माझ्याकडे पाहिलं. आमच्या दोघींच्या मध्ये चादर ताणलेली होती आणि तिचा उजवा हात थरथरत होता, ते मला कापडातून माझ्या बोटांपर्यंत कळत होतं.

"मीच घालतेय," ती फोनकडे वाकून म्हणाली. "खुंटी आहे ना. तू सावकाश ये."

मग तिने मला मानेने खूण केली आणि मी टोकं घेऊन, पावलांचा आवाज न करता, तिच्याकडे चालत गेले.